मेहबूबचाचांचं जॅझ

बँडवाल्याचा निम्मा जन्म वाजवण्यात जातो आणि निम्मा थांबण्यात. नवरदेव तयार व्हायचाय, थांबा. मामांचा फेटा सापडंना, थांबा. पुढारी अजून घरून निघालेच नाहीत, थांबा! वाजवून पोट भरतं आणि थांबून थांबून किस्से साठतात. माझ्याकडं इतके साठलेत की बायको म्हणते, "तुमाला कुणी टाइम विचारला तरी किस्सा सांगता." तुम्ही तर चहा पाजलाय. मग आता ऐकाच.

आमचा बँड युसूफ वडगावचा. बोर्डावर नाव लांबलचक होतं, पण पंचक्रोशीत सगळे 'मेहबूबचा बाजा' म्हणायचे. मेहबूबचाचा आमचे मालक, मास्तर, सगळंच. वाजवायचे सॅक्सोफोन. ऐन जवानीत मुंबईला पळून गेलते. तिथं एका मोठ्या हॉटेलात कपबश्या धुवायला लागले. त्या हॉटेलात रोज जॅझ वाजायचं. कपबश्या धुता धुता चाचांनी त्या बँडमधल्या एका गोव्याच्या मास्तरांचे पाय धरले आणि काही वर्षांत त्याच बँडमध्ये खुर्चीवर बसून वाजवायला लागले. पुढं वडील गेले म्हणून गावी आले, ते कायमचेच. सोबत एक ट्रंक आणि हा सॅक्सोफोन. पारावरच्या एका आजोबांनी तो पिवळा वाकडा पाइप नीट निरखून विचारलं, "मेहबूब, येवढा मोठा हुक्का कुणाला आणला रे?"

मी शिकायला गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न केला, "चाचा, जॅझ म्हंजे काय असतं?"

चाचांनी बिडी विझवली. "भानुदास, आधी रस्ता माहीत पायजे. मग रस्ता सोडायचा. रानातून जायाचं, चिंचा खायाच्या, बोरं खायाची. पर वापस घरी यायचं. वापस येता न्हाई आलं, तर ते जॅझ न्हाई बे, ते हरवणं!"

अजून एक सांगून ठेवतो. बँडवाल्याच्या घरच्या लग्नात बँड नसतो. कसा असणार? ज्या तिथीला त्याच्या घरी लग्न, त्याच तिथीला दुसऱ्या गावची सुपारी घेतलेली. चाचांचं स्वतःचं लग्न असंच बिनबाजाचं झालं, आणि ती गोष्ट त्यांना आयुष्यभर टोचत होती. एकुलती एक मुलगी, नसीम. ती शाळेत होती तेव्हापासून चाचा सगळ्यांना सांगायचे, "नसीमच्या लग्नात सुपारी बंद! मी वाजवणार. मी म्हंजे मीच."

नसीम लई बोलकी. ती आतून ओरडायची, "अब्बा, मग घाई करू नका. तुमचा रियाज व्हायचाय अजून!"

*

एका दुष्काळात गावानं आमचा रियाज बंद पाडला. लोकांचं तरी काय चुकलं? बायका घागरी घेऊन टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या, आणि आमची चाललीय पिपाणी. कुणीतरी म्हणालंच, "हितं घशाला कोरड, आन् तुमाला गाणी सुचतात व्हय रे?"

ढोल वाजवणारा दगडू आमच्यातला सगळ्यात गरीब माणूस, स्वभावानं म्हणतोय मी. तो हळूच म्हणाला, "चाचा, आमच्या हिरीत चला की. ठणठणीत कोरडी हाय. आवाज वर जायाचा न्हाई."

झालं! रोज सकाळी आम्ही बाजा घेऊन पायऱ्या उतरायचो आणि विहिरीच्या तळाला गोल करून बसायचो. आणि काय सांगू तुम्हाला, चाचा पहिल्याच दिवशी खुळे झाले. त्यांनी एक सूर लावला, तो भिंतींवरनं फिरून आमच्या अंगावर आला. आपला सूर जरा जरी ढिला पडला तरी विहीर तसाच्या तसा परत द्यायची. मी कंटाळून म्हणायचो, "चाचा, एकच सूर किती फुंकायचा? गाणं कधी?" तर म्हणायचे, "हिरीला इचार. ती हौ बोलली की गाणं." विहीर काही लवकर हो म्हणेना!

दगडूची आई दुपारी रहाटाला बादली बांधून त्यातनं भाकरी आणि ठेचा खाली सोडायची. वरून म्हणायची, "पाणी तर वर येईना, भाकरी तरी खाली जाऊ द्या बाबा." आमच्या बँडमध्ये जे काही बरं वाजलं ते त्या विहिरीनं शिकवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं तोंडावर वा वा म्हणतात. विहीर म्हणत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहीर काठोकाठ भरली. दगडूच्या आईनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांचे डोळे भरून आले. चाचांनी दोन्ही हात वर केले, अल्लाचा शुक्र मानला, आणि मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "लई चांगलं झालं. पर आपला हॉल गेला की बे!"

*

ज्या वर्षी पिकं जायची त्या वर्षी लग्नंही पुढं ढकलली जायची. मग आमच्यातले बरेच जण कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे. मी आणि माझी बायको कौसा पण गेलो. निघताना मी चाचांकडं सॅक्सोफोन मागितला. त्यांच्याकडं दुसरा एक जुना होता.

"नक्को! फडात काय वाजवतो? बोटाला कुसळं, अंगाला पाचट. बाजा खराब करशील. तू फकस्त दम सांभाळ."

दम कसा सांभाळायचा? बरेच दिवस मला काही सुचेना. मग एका पहाटे कौसा चूल पेटवत बसली होती, लाकडं ओली, धुरानं डोळे लाल. मी तिच्या हातातली फुंकणी घेतली आणि चाचांनी शिकवल्यासारखा पोटातनं लांब, सरळ, एकसारखा श्वास सोडला. चूल अशी पेटली म्हणता, कौसा मागं सरकली!

"अगं बया! हे आधी न्हाई का सांगायचं? इतकी वर्सं मीच फुकतेय."

तेव्हापासून रोजची चूल माझ्याकडं. आठ-पंधरा दिवसांत बातमी ऊसतोड्यांच्या सगळ्या कोप्यांवर, म्हंजे पाचटाच्या झोपड्यांवर, पसरली. बायका हाका मारायला लागल्या, "भावजी, जरा आमचीबी फुका की!" मी आपला एका कोपीवरनं दुसऱ्या कोपीवर रियाज करत फिरतोय. गडी माणसं हसायची, मुकादम हसायचा. हसा म्हटलं.

हंगाम संपवून परत आलो. चाचांनी मला विचारलंच नाही. थेट कौसाला विचारलं, "बेटी, यानं रियाज केला का?"

कौसा म्हणाली, "चाचा, अख्ख्या टोळीत पहिला चहा आमच्याच कोपीवर व्हायचा."

चाचांनी मान हलवली आणि ट्रंकेतून जुना सॅक्सोफोन काढून माझ्या हातात दिला. तो आजपण माझ्याकडंच आहे.

*

आता दिंद्रुडकडच्या एका वरातीचा ऐका. वरात निम्म्यात आली आणि नवरदेवाचे थोरले मामा रुसले. कारण काय, तर धाकट्या मामाला भरजरी फेटा आणि यांना साधा! मामा रस्त्यातच एका ओट्यावर जाऊन बसले. मामा हलल्याशिवाय घोडं हलणार नाही, आणि घोडं हलल्याशिवाय आम्ही. सगळे विनवून दमले.

चाचा म्हणाले, "थांबा. हितं जॅझ लागतंय."

ते मामांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि एकदम हळू, गोड, मामांच्या कानाशी वाजवायला लागले. चालू गाण्याची ओळ घेतली, ती उलटी केली, पालटी केली, कुठनं कुठं नेली! आम्ही मागं नुसता ठेका धरून. मी तर घायाळ झालो. मुंबईच्या त्या हॉटेलात चाचा कसे वाजवत असतील ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वाटलं, मामा आता विरघळणार, रडणार, चाचांच्या गळ्यात पडणार!

मामांनी कानावर हात ठेवले आणि ओरडले, "घालतो! साधा फेटा घालतो! पर ह्याला आवरा!"

वरात निघाली. सगळे खूश. चाचा तेवढे परतीच्या टेम्पोत रुमालानं सॅक्सोफोन पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "भानुदास, मुंबईत लोक ह्याच्यासाठी तिकीट काढायचे बे."

*

यश यश म्हणतात ना, ते मी आमच्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत बघितलं. छत्री पॅनल आणि कपबशी पॅनल. दोन्हींनी विजयाच्या मिरवणुकीची सुपारी आम्हालाच दिलेली, आणि चाचांनी दोन्हींची घेतलेली! मी म्हणालो, "चाचा, हे कसं निभायचं?" चाचा शांत. "एकजण हारणार ना? हारल्यावर त्याला बाजा कशाला लागतोय?"

छत्रीवाले निवडून आले. गुलाल उधळला, त्यांच्या पुढाऱ्याला खांद्यावर घेतलं, मिरवणूक पार चौकापर्यंत पोचली. तेवढ्यात मोटारसायकलवर एक माणूस हात हलवत आला. फेरमोजणी झाली, कपबशी निवडून आली!

मंडळी, असं दृश्य मी जन्मात बघितलं नाही. खांद्यावरचा पुढारी कधी खाली आला कळलंच नाही. तोच गुलाल, तीच माणसं बरीचशी, आणि मिरवणूक उलट्या दिशेनं निघाली. आम्ही गाणं न थांबवता जागेवर वळलो. मगाशी शेपटाला असलेला दगडूचा ढोल आता सगळ्यात पुढं!

हरलेला पुढारी चौकात एकटा उरला. कपाळावर गुलाल तसाच. पायात एकच चप्पल, दुसरी त्या गर्दीत कुठं गेली कोण जाणे. तो कसनुसा हसून चाचांना म्हणाला, "मेहबूब, निदान घरापर्यंत तरी सोडायचं की बे."

चेष्टाच करत होता तो. पण चाचा थांबले. मला म्हणाले, "तू त्यांच्यासंगं जा. मिरवणूक सांभाळ." आणि स्वतः त्या माणसाच्या शेजारून, अगदी बारीक आवाजात वाजवत, त्याला त्याच्या दारापर्यंत सोडून आले. रस्त्यात दोघंच.

मी नंतर चिडलोच. "चाचा, जिंकलेल्यांनी बघितलं असतं तर?"

"जिंकलेल्याजवळ गाव हाय रे. त्याला माझी काय गरज?"

मी विचारलं, "मग तुमचं यश कशात, ते तरी सांगा."

"माझं?" चाचा हसले. "नसीमच्या लग्नात वाजवलं की मी निवडून आलो बघ."

*

आणि नसीमचं लग्न ठरायला अन् चाचांचे दात हलायला एकच गाठ पडली.

सॅक्सोफोन नुसता ओठानं वाजत नाही. त्याचं तोंड वरच्या दातांखाली दाबून धरावं लागतं. चाचांचे समोरचेच दात आधी हलले, मग एकेक करून सगळेच गेले. मी त्यांना घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टरीण वयानं नसीमएवढीच असेल. लई मायाळू पोरगी. तिनं नवी कवळी बसवली आणि म्हणाली, "चाचा, काहीतरी चावून बघा बरं." तिनं शेंगदाणे पण आणून ठेवलेले.

चाचांनी शेंगदाण्यांकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून सॅक्सोफोन काढला! बाहेरच्या बाकड्यावरचे पेशंट दाराशी गोळा झाले. चाचांनी फुंक मारली आणि शिट्टी वाजावी तसा एक भयंकर आवाज आला. दुसऱ्यांदा फुंकलं, तर कवळीच निसटून बाजाला चिकटून बाहेर आली. लोक हसले. आधी चाचापण हसले.

डॉक्टरणीनं हार मानली नाही. कवळी घासली, परत बसवली, परत बोलावलं. आम्ही कितीदा तरी एसटीनं गेलो-आलो. शेवटी तिनं चाचांचा हात हातात घेतला. "चाचा, खायला हे दात छान आहेत. पण वाजवायला... मला नाही जमत हो. माफ करा."

"अरे बेटी, तू का माफी मागते? तू लई केलं," चाचा म्हणाले.

परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. त्याही वर्षी पाऊस नव्हता, रानं उघडी पडलेली. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "नसीमच्या लग्नात तू वाजव. आन् तिला आत्ताच काही सांगू नको."

तुम्हाला सांगतो, वरातीत सगळ्यांच्या पुढं उभं राहून वाजवायचं, हे माझं किती वर्षांचं स्वप्न होतं. ते असं हातात आलं आणि मला एसटीत रडू फुटलं. कंडक्टर विचारायला लागला, "काय झालं काका, कुणी गेलं का?"

*

आता हा शेवटचा.

नसीमचं सासर दिंद्रुडचं. व्याही टँकरवाले, रशीदभाई. दुष्काळात सगळा जिल्हा त्यांच्या वाटेकडं डोळे लावून बसायचा, त्यामुळं एका जागी थांबणं ह्या माणसाला माहीतच नव्हतं. लग्नातसुद्धा जेवले ते उभ्यानं. कुणी बोलायला लागलं की हातातल्या घड्याळाकडं बघायचे.

त्या दिवशी आम्ही कुणाचीच सुपारी घेतली नव्हती. चाचांनी कडक इस्त्रीचा बँडचा ड्रेस घातला होता, लाल कोट, खांद्यावर झालर. पण वाजवत मी होतो. निकाह झाला, जेवणं झाली. चाचा पाहुण्यांना वाढत फिरत होते आणि प्रत्येकजण त्यांना विचारत होता, "मेहबूब, तू कधी वाजवणार?" चाचा म्हणायचे, "घ्या, अजून घ्या थोडं." नसीमनं काही विचारलं नाही. तिला कुणी सांगितलं असेल का स्वतःच कळलं असेल, मला ठाऊक नाही.

पाठवणीची वेळ झाली. आमच्याकडं रीत अशी, की नवरी गाडीत बसली की बँडनं शेवटचं गाणं वाजवायचं आणि ते संपलं की गाडी सुटायची. संपायच्या आत गाडी हलवली तर अपशकुन. नसीम जीपमध्ये बसली. ड्रायव्हिंगला तिचा दीर, रशीदभाईंचा धाकटा. त्यानं इंजिन चालू केलं. मी सॅक्सोफोन उचलला.

चाचा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळली, लाल कोटाच्या खिशात ठेवली आणि माझ्यापुढं हात केला.

मी त्यांच्या हातात बाजा दिला.

त्यांनी दोन्ही ओठ आत दुमडले, नुसत्या हिरड्यांवर बाजा धरला आणि फुंकलं. नुसती हवा. परत फुंकलं, परत हवा. कुणीतरी मला मागून ढोसलं, "भानुदास, घे बाबा, तू वाजव." माझे हातच उठेनात. जीपमधनं नसीम बापाकडं एकटक बघत होती.

आणि तिसऱ्या फुंकीला सूर आला. जाडसर, घोगरा, मधेच फाटणारा. पूर्वीचा तो चकचकीत आवाज नव्हताच. पण सूर होता, आणि बरोब्बर जागेवर होता. दगडूनं हलक्या हातानं ठेका धरला. चाचांनी पाठवणीचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बाया तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. गाणं संपत आलं, शेवटची ओळ आली, धाकट्यानं गिअर टाकला.

चाचांनी ती ओळ संपवलीच नाही.

ती वळवली आणि दुसरीकडंच घेऊन गेले. फिरवून फिरवून परत शेवटाशी आणली, आता संपणार असं वाटलं, आणि परत वळवली! धाकट्यानं गिअर टाकावा, काढावा, टाकावा, काढावा. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. दगडू डोळे मिटून ठेका देत होता. चाचांचं तोंड लाल झालेलं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, मधेच सूर फाटत होता, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरनं बाजावर ओघळत होतं. पण संपवायला तयार नाहीत.

धाकटा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "अब्बा, लई उशीर होतोय. काय करू?"

रशीदभाईंनी सवयीनं घड्याळाकडं बघितलं. मग चाचांकडं बघितलं. मग जीपचा पत्रा हातानं थापटला आणि म्हणाले,

"चावी काढ बे. बंद कर गाडी."